दोन अंगुस्तानं दारू

कोगरांच्या घरात दारूवरून भांडण झालं नाही असं एकही साल गेलं नसेल. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायच्या दारूबाबत या घराण्यात पहिल्यापासून एकमत आहे, तिच्यावरून कोण कशाला भांडेल.

भांडणाचं मूळ म्हणजे सूकी, कोगरांची ठासणीची बंदूक. त्यांच्या डोंगराळ बकआय घळीतल्या बायका संध्याकाळी गाईंना 'सूक, सूक' अशा हाका मारतात, त्यावरून कुणा पूर्वजानं हे नाव ठेवलं. नळी माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब, दस्ता मेपलच्या लाकडाचा, आणि वजन असं की खांद्याला लावली की आधी पाठ बोलते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासायची, मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. एवढ्या खटाटोपानंतर बार एकच. तो चुकला तर हरीण घरी जाऊन जेवून झोपेल, तरी आपली दुसरी गोळी भरून होत नाही.

ओर्फा या घरची लेक. लग्न करून दोन डोंगर पलीकडे गेली होती, नवरा खाणीत दगावला तेव्हा बापाकडे परत आली आणि तालुक्याच्या गावी शर्टाच्या कारखान्यात लागली. तिथं ती कॉलरी शिवते. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, पण बोट कापडावर ठेवलं की सुताचा पीळ, जाडी, धुतल्यावर किती आटेल, सगळं सांगते. कारखान्यातल्या मुकादमानं एकदा तिला डोळे मिटून तुकडे ओळखायला लावले होते. नंतर त्यानं तो नाद सोडला.

लहानपणी घरातलं शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायचं काम ओर्फाचं होतं. बंदूक मात्र थोरल्या भावाच्या, डेल्मसच्या हातात. "गोळ्या तू ओत, मारायचं आम्ही बघतो," बाप म्हणायचा. ती शेकड्यांनी गोळ्या ओतून मोठी झाली, पण सूकीचा चाप तिनं उभ्या आयुष्यात एकदाही ओढला नव्हता. हे तिला लागायचं. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण लागायचं.

बाप म्हणजे ओकी कोगर. खाणीत चाळीस वर्षं काढलेला, छातीत कोळशाची धूळ भरलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. तरुणपणी सूकी त्याच्या हातात असली की शेजारपाजारचे आधीच सुऱ्यांना धार लावून ठेवायचे, इतका भरवसा. आणि मग ओर्फाची आई गेली त्या सुमाराला सूकी बिघडली. उभा, आडवा, अगदी चित्रासारखा समोर आलेला हरणाचा नर ओकीनं चुकवला. पुढच्या साली पुन्हा चुकवला. डेल्मसनं घेऊन बघितली, तर त्याला गुरांच्या गोठ्याची भिंत लागेना. "नळी गेली," असं जाहीर करून डेल्मसनं दुकानातून नवी, काडतुसाची बंदूक आणली.  ओकीनं सूकी चुलीच्या वर खुंट्यांना टांगली आणि परत कधी शिकारीला गेला नाही.

सफरचंदाचा मुरंबा शिजवायचा दिवस होता. अंगणात तांब्याची मोठी कढई, खाली जाळ, आणि डेल्मसची बायको नेड्रा लांब लाकडी वल्ह्यानं ढवळत होती. नेड्रा वाईट बाई नाही, पण तिच्या डोक्यात एखादी वस्तू शिरली की ती वस्तू घरात आल्याशिवाय बाहेर पडत नाही.

"चार्ल्सटनला माझ्या बहिणीकडे आहे ना वन्सं, तसला दिवा," ती म्हणाली. "बंदूक उभी करायची, दस्त्यातून वायर घ्यायची, आणि वर झालरीची टोपी. काय शोभतं म्हणून सांगू."

"बंदुकीला टोपी मागे बसवतात, वहिनी," ओर्फा म्हणाली.

"तुमची ती सूकी नुसती धूळ खातेय. दिवा केला तर निदान उजेड तरी पाडेल."

डेल्मस हसला. मग सगळ्यांनी ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, कारण बंदूक त्याची होती. ओकीनं आधी खोकून घेतलं. त्याचा खोकला संपेपर्यंत थांबायची घरात सगळ्यांना सवय आहे.

"जी मारत नाही ती काठी," तो म्हणाला. "काठीचा दिवा करा नाहीतर चुलीत घाला. पण डिसेंबरात फक्त ठासणीच्या बंदुकांनी शिकारीचा आठवडा येतो, तो होऊ दे. त्या आठवड्यात या घरातलं जे कुणी सूकीनं नर पाडेल, सूकी त्याची. नाही पडला, तर नेड्राचा दिवा."

"मी त्या लोखंडाला हात लावणार नाही, बाबा," डेल्मस म्हणाला. "माझा खांदा मागच्या वेळेपासून अजून दुखतोय."

"मग मी पाडते," ओर्फा म्हणाली.

डेल्मसला मुरंब्याचा ठसका लागला. "तू? तू त्या हरणाला कॉलर शीव एखादी."

नेड्राही हसली. ओकी हसला नाही, पण त्यानं लेकीची बाजूही घेतली नाही. "'कुणी' म्हणालोय मी," एवढंच बोलून तो आत गेला. ओर्फाला तेवढं पुरेसं होतं. तिनं त्याच संध्याकाळी सूकी खुंटीवरून उतरवली आणि गरम पाण्यानं नळी धुतली. इतकं काळं पाणी निघालं की तिला वाटलं, बापाची छातीच धुतोय की काय.

पुढच्या शनिवारी सकाळी ती घरामागच्या पडीक शेतात गेली. डेल्मस मुद्दाम मजा बघायला आला होता, तरी भावाच्या नात्यानं त्यानं भरायचं कसं ते दाखवलं. सूकीबरोबर एक माप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. हरणाच्या शिंगाचं टोक कापून, आतून पोखरून केलेलं. ते काठोकाठ भरायचं, ओतायचं, बस.

"हे शिंग म्हणजे आपल्या एसा पणजोबाचं," डेल्मस म्हणाला. "गोळी तळहातावर ठेवायची, ती झाकेपर्यंत वरून दारू ओतायची. जेवढी लागली तेवढी त्या बंदुकीची. एसानं तशी मोजून हे माप कापलं. यात एक कण कमी नाही, एक कण जास्त नाही. बाबांनी आम्हाला हेच शिकवलं."

ओर्फानं शिंग काठोकाठ भरलं, ठासलं, टोपी बसवली आणि चाप ओढला. धुराचा ढग उठला, खांद्यावर कुणी ओंडका टाकल्यासारखं झालं आणि ती दोन पावलं मागे गेली. नेमासाठी काळा गोल काढून समोर उभ्या केलेल्या फळीला काहीही झालेलं नव्हतं. दुसरी गोळी फळीशेजारच्या खांबात सापडली. तिसरी कुठे गेली ते सूकीला ठाऊक.

"सांगितलं होतं," म्हणून डेल्मस निघून गेला. जाता जाता त्यानं नेड्राच्या दिव्यासाठी वायर घ्यायची आठवण काढली, तीही मोठ्यानं.

खांदा जांभळा पडला होता. ओर्फा चिडली होती, आणि चिडली की ती आवराआवर करते, ही तिची जुनी खोड. तिनं फेकलेल्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. बंदुकीसमोर गवतात, गोळीबरोबर बाहेर उडालेल्या चिंध्या पडल्या होत्या. बंदूकवाले पुरुष त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. चिंधी म्हणजे चिंधी. पण ओर्फाच्या हातात कापड आलं की ते नुसतं कापड राहत नाही. तिनं पहिली चिंधी उचलली, बोटांत धरली, उन्हासमोर धरली, आणि जागच्या जागी थांबली.

चिंधीच्या मधोमध भोक होतं. ते फाटलेलं नव्हतं, जळलेलं होतं. कडा कोळशासारख्या, सुतं वितळल्यासारखी आत वळलेली. दुसरीही तशीच. तिसरीचे तर तीन तुकडे झालेले. म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच तिचं कापड जळून जात होतं. गोळी तिला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांना धरूनच नव्हती, सैल पँट घातलेल्या माणसासारखी कशीबशी धावत सुटत होती.

"नळी नाही गेली," ती स्वतःशीच म्हणाली. "कापड जळतंय."

कापड जळतंय म्हणजे आग जास्त आहे. आता एवढं समजायला बंदूकवालं असावं लागत नाही, इस्त्री करणाऱ्या कुठल्याही बाईला ते कळेल. पण आग जास्त का? माप तर तेच, एसा पणजोबाचं, ज्यानं याच बंदुकीनं अस्वलं मारली.

मग तिला गंमत सुचली. तिनं एक गोळी आपल्या तळहातावर ठेवली आणि वरून दारू ओतू लागली. गोळी झाकली गेली तेव्हा तिच्या हातावर शिंगातल्या मापाहून बरीच कमी दारू होती. तिचा हात लहान, खोलगट. एसा कोगरचा हात म्हणजे परात, असं घरात सगळे सांगायचे. तिला हसू फुटलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मापाला हात जोडले ते एका मेलेल्या माणसाच्या पंजाचं माप होतं, बंदुकीचं नव्हतंच.

तरी एक गोष्ट तिला पटेना. त्याच मापानं बापानंही शेकडो हरणं पाडली होती. मग अलीकडेच काय बिनसलं? ती घरात गेली. ओकी चुलीपाशी बसून मक्याची भाकरी ताकात कुस्करत होता.

"बाबा, तुम्ही तरुणपणी कुठली दारू वापरायचात?"

"काळी. दुसरी कुठली? त्या नव्या बिनधुराच्या दारूचा एक कण जरी ठासणीच्या नळीत गेला ना, तर नळी फुटून तोंडावर येईल. हार्लन मुरेचं तोंड बघितलंयस ना तू?"

"काळीच. पण कण केवढा असायचा?"

म्हातारा थांबला. त्यानं बोटांनी हवेत चिमूट धरली, जणू ती दारू अजून बोटांत होती. "जाडी. मोहरीएवढी. दुकानात डब्यांनी मिळायची."

"आणि आता?"

"आता कुठं मिळतेय. तुझी आई गेली त्या सालापासून दुकानवाला आणेनासा झाला. आता ही बारीकच मिळते." त्यानं शेल्फवरच्या डब्याकडे हात केला.

ओर्फानं डब्यातली दारू हातावर घेतली. खसखशीएवढी बारीक. बारीक दारू लवकर पेटते, जास्त जोरानं पेटते. बारीक चिरलेल्या ढलप्यांचा जाळ कसा भडकतो, ते रोज चूल पेटवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. जाड्या दारूचं माप या घरानं बारीक दारूनं भरलं होतं, काठोकाठ, एक कण कमी नाही, एक कण जास्त नाही. आणि नर चुकायला लागले तेव्हा एकालाही मापाचा संशय आला नाही, कारण माप पणजोबाचं होतं. पणजोबा चुकेल कसा.

हे सगळं तिनं बापाला सांगितलं. तिला वाटलं, म्हातारा खूश होईल. पण ओकीचा चेहरा दगडासारखा झाला.

"एसाच्या मापाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "त्या मापानं आमचं घर जगलं. माझा हात गेला, डोळा गेला, म्हणून नर चुकले. त्याचा दोष मापावर ढकलू नकोस."

ओर्फाला तेव्हा कळलं. ती इतकी वर्षं समजत होती की बापानं बंदुकीचा नाद सोडला. त्यानं बंदुकीचा नाद सोडला नव्हता, त्यानं स्वतःवरचा विश्वास सोडला होता. तिला रडू आलं, पण ती रडली नाही. बाहेर जाऊन तिनं कारखान्याची पिशवी उघडली आणि आतून पितळी अंगुस्तान काढलं, कॉलर शिवताना बोटात घालायचं.

शिंगाच्या मापात तीन अंगुस्तानं दारू मावत होती. तिनं तळहाताच्या हिशेबानं दोन घेतली. चिंधीसुद्धा बदलली. डेल्मस जुन्या शर्टाच्या पातळ चिंध्या वापरायचा. तिनं गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट कापड घेतलं, ते मेंढीच्या चरबीत बुडवलं आणि तुकडे कापले. गोळी ठासताना तिला जोर लावावा लागला, आणि ते तिला आवडलं. घट्ट बसतं तेच चांगलं शिवलेलं असतं.

बार झाला. या वेळी धडाम असा नव्हता, फाटकन एखाद्याच्या मुस्काटात दिल्यासारखा होता. खांद्याला फक्त ढकललं गेलं. फळीवर खालच्या बाजूला एक भोक होतं. तिनं ओली चिंधी फिरवून नळी पुसली आणि पुन्हा दोन अंगुस्तानं भरली. दुसरं भोक पहिल्याच्या शेजारी. तिसरं दोघांच्या मध्ये. तिन्ही भोकं कॉफीच्या एका कपाखाली झाकली गेली असती. ती गवतातून चिंधी उचलायला धावली, पन्नाशीची बाई, धावलीच. चिंधी अख्खी होती. मध्ये करडा गोल, गोळीच्या बुडाचा, आणि भोवती नळीच्या खाचांचे बारीक, समान वण, अगदी झालरीसारखे.

मग तिनं हट्टानं अडीच अंगुस्तानं भरून पाहिली, कारण एकदा नीट बसलेली गोष्ट उगाच उसवून बघणं हाही तिचा स्वभाव. भोकं पांगली, चिंधीच्या कडा पुन्हा काळवंडल्या. तिनं परत दोनवर येऊन बस केलं.

घरी आली तेव्हा बाप ओसरीवर होता. तिनं अंगुस्तान खिशात लपवलं.  म्हातारा म्हणाला, "आवाज बदलला."

"कसला आवाज?"

"सूकीचा. पूर्वी असा यायचा." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

पुढचे काही शनिवार असेच गेले. एकच अडचण राहिली होती. गोळ्या नेमाच्या थोड्या खाली लागत होत्या, कारण नळीच्या टोकावरची, नेम धरायची पितळी माशी त्या जुन्या, जास्त दारूसाठी ठेवलेली होती. हे ती जेवताना भावाला सांगत होती. "माशी थोडी घासली की गोळी वर जाईल, पण माझा हात धजत नाही. जास्त घासली गेली तर परत लावता थोडीच येते."

"बाई, तू तिला आधी फळी मारायला शिकवलीस हेच आश्चर्य," डेल्मस म्हणाला. त्याचा आवाज आता थोडा नरम होता. त्यानं परवाच चोरून ती फळी बघितली होती, हे ओर्फाला पायांच्या ठशांवरून कळलं होतं. नेड्रा दिव्याच्या झालरीच्या टोपीची पिशवी पायाशी ठेवून बसली होती. टोपी तिनं आधीच आणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी चर्चहून परत आल्यावर ओर्फाला ओसरीवर बापाच्या खुर्चीच्या हातावर पितळेचा चकचकीत चुरा दिसला. ती धावत आत गेली. सूकी खुंटीवर होती. माशी घासलेली होती, केसभर, नीट, वरून गोल. कानस कुठे दिसत नव्हती आणि म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होता. एका डोळ्यानं आणि बोटाच्या चाचपण्यानं त्यानं ते काम केलं होतं. ओर्फानं त्याच्या अंगावर रजई नीट केली.

डिसेंबर उजाडला. कारखान्यातून रजा घेऊन ओर्फा डोंगरावर गेली. पहिले दोन दिवस पावसात गेले. दारू ओली होऊ नये म्हणून ती सूकीला कोटाच्या आत घेऊन बसली होती, बंदूक कोरडी आणि ती चिंब. तिसऱ्या रात्री बर्फ पडला आणि सकाळ स्वच्छ निघाली.

लॉरेलच्या झुडपांत, ओढ्याच्या वरच्या अंगाला ती पडलेल्या ओकच्या खोडावर बंदूक टेकवून बसली. आधी दोन माद्या आल्या आणि गेल्या. तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मग त्यांच्या वासावर, मान खाली घालून, एक नर आला. शिंगं रुंद, मान सुजल्यासारखी जाड. तो साठेक पावलांवर आडवा उभा राहिला आणि डोकं वर केलं. ओर्फाच्या मनात आईबाप, भाऊ, दिवा, कुणी नव्हतं. तिनं सूकीचा घोडा मागे ओढला, माशी त्याच्या खांद्याच्या मागे ठेवली आणि श्वास सोडत चाप दाबला.

फाटकन आवाज झाला आणि सगळं पांढरं. धुरात काहीच दिसेना. जाग्यावरून हलायचं नाही, आधी पुन्हा भरायचं, एवढं तिला माहीत होतं. तिनं नळी पुसली, अंगुस्तानानं दारू मोजून ओतली, गोळी ठासली. एक कण सांडला नाही. मग ती उठली. बर्फावर, बंदुकीच्या समोर काही पावलांवर, चिंधी पडली होती. तिनं हरणाकडे न बघता आधी ती उचलली. अख्खी. मधोमध करडा गोल, भोवती समान वण. तिला तिथंच कळलं की नर पडला आहे. ती झुडपापर्यंत चालत गेली तेव्हा तो खरोखरच पडलेला होता, उभा होता तिथून फार तर दगड फेकला तर जाईल तेवढ्या अंतरावर.

ती बर्फात गुडघ्यांवर बसली आणि मोठ्यानं हसली. डोंगरात कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून मग मनसोक्त हसली.

सूकीत भरलेला बार ओर्फानं मातीत उडवून टाकला, आणि डेल्मसनं नर उतरवायला मदत केली. दोरी ओढताना त्याचा घाम निघत होता. अखेर ओढ्यापाशी तो थांबला.

"किती दारू घातलीस?"

"दोन अंगुस्तानं."

"काय?"

"अंगुस्तानं, दादा. शिवताना बोटात घालतात ते."

डेल्मसनं दोरी खांद्यावर घेतली. "हे मी घराबाहेर कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. मग थोडं चालून: "आणि घरातही नाही." पण तो हसत होता, आणि त्या हसण्यात टोमणा नव्हता.

अंगणातल्या दांडीला नर टांगला. नेड्रा बाहेर आली, तिनं शिंगं मोजल्यासारखं करून पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं, ती झालरीची टोपी मी परत देऊन येते. पावती ठेवलीय." मग ती स्वतःच पाणी तापवायला आत गेली.

ओकी ओसरीच्या पायऱ्या उतरला. त्यानं नराच्या बरगड्यांवर हात फिरवला, गोळीचं भोक बोटानं शोधलं, खांद्याच्या मागे, जिथं असायला हवं तिथंच.  मग ओसरीला टेकवून ठेवलेली सूकी त्यानं उचलली आणि ती ओर्फाच्या हातात दिली.

"तुझी," तो म्हणाला. सबंध घळीला ऐकू जाईल असं, डेल्मससमोर म्हणाला. ओर्फाला वाटलं, आता आपलं सगळं मिळालं, याच्यापुढे काही नको.

पण ओकी गेला नाही. तो तिथंच घुटमळत उभा राहिला. खोकला आला, गेला. शेवटी तो बर्फाकडे बघत म्हणाला, "ओर्फा, उद्या तुझी बंदूक मला देशील का? थोड्या वेळापुरती."

डेल्मसच्या हातातली सुरी थांबली. ओकी कोगरनं आयुष्यात कुणाला काही मागितलेलं नव्हतं, खाणीच्या मालकालाही नाही.

"देईन," ओर्फा म्हणाली. "पण भरणार मी."

"तूच भर," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला घरामागच्या शेतात घेऊन गेली. त्याला दम लागत होता, म्हणून एका ओंडक्यावर बसवलं. तिनं दोन अंगुस्तानं मोजून ओतली, गोळी ठासली, टोपी बसवली आणि सूकी त्याच्या हातात दिली. ओकीनं ती खांद्याला लावली. मोतीबिंदूचा डोळा मिटला, चांगला उघडा ठेवला. नळी थरथरत नव्हती. फाटकन आवाज झाला, धूर निघाला, आणि धूर विरला तेव्हा फळीच्या मधल्या काळ्या गोलाच्या कडेला एक भोक होतं.

म्हातारा बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसला. मग त्यानं आपला उजवा हात समोर धरला, उलटसुलट करून पाहिला, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता आणि आज परत मिळाला होता.

"इतकी वर्षं मी याला शिव्या घातल्या," तो म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही. त्यानं बंदूक ओर्फाच्या मांडीवर ठेवली.

"अजून एक भर, पोरी."

ओर्फानं भरली.